हाक देता, तर नोंद ठेवा: चाळीसगाव परिसरातील शोध-बचाव स्वयंसेवकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, जळगाव

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: मा. पालकमंत्री, जळगाव जिल्हा, मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर, मा. तहसीलदार, चाळीसगाव; वन्यजीव विभाग; राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण

विषय: कन्नड घाट, पाटणादेवी-गौताळा वनक्षेत्र आणि गिरणा-तितूर-डोंगरी नदीकाठ येथे शोध व बचावाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी पथकांना साधने, निधी, विमा व अधिकृत नोंद मिळण्याबाबत.

महोदय,

30 ऑगस्ट 2021 च्या रात्री आमच्या डोक्यावरच्या डोंगररांगेत जो पाऊस झाला, त्याने सकाळ होईतो तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या गावांत शिरल्या. चाळीसगाव शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, डोंगराच्या पायथ्याच्या गावांत शेकडो जनावरे गोठ्यात दावणीला बांधलेलीच मेली किंवा वाहून गेली. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, मालट्रक आणि गाड्या चिखल-दगडांत अडकल्या आणि सोलापूर-धुळे महामार्ग बंद पडला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक धुळ्याहून आले आणि त्यांनी चोख काम केले. पण ते येण्याआधीचे तास कोणी निभावले? गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी, ट्रॅक्टरवाल्यांनी, डोंगरात फिरणाऱ्या पोरांनी आणि शेजाऱ्यांनी. हे आम्ही कौतुक करून घेण्यासाठी सांगत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या कोणत्याही आराखड्यात हे पहिले तास कोणाच्या जोरावर निघणार आहेत ते लिहिलेले नसते, म्हणून सांगतो.

राज्याच्या या दलाची ठाणी दोन, धुळे आणि नागपूर. त्यातले एक आमच्यापासून सुमारे 55 किलोमीटरवर आहे, हे आमचे भाग्यच. नंदुरबारच्या अक्राणीतल्या किंवा मेळघाटातल्या माणसाला तेही नाही. तरीही हे अंतर कोरड्या रस्त्याचे आहे. गिरणेला पूर असला तरी धुळ्याचा रस्ता मेहुणबाऱ्याच्या पुलावरूनच येतो, आणि ज्या दिवशी पथकाची गरज लागते नेमका त्याच दिवशी तो रस्ता भरवशाचा नसतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळून निघणार. नाशिकच्या गिर्यारोहकांना कळवले आणि ते लगेच निघाले, तरी तीन तास जातात. दरीत पडलेला, रक्त वाहत असलेला माणूस तीन तास थांबत नाही, आणि बुडणारा तर तीन मिनिटेही नाही.

हे फक्त आमच्याकडेच घडते असे नाही. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, 30 जण गेले. त्या दरीत दोरावरून आधी उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर-महाडकडचे गिर्यारोहक. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीला रस्ताच नव्हता. अंधारात, पावसात डोंगर चढून वर जाणाऱ्यांत खोपोली-कर्जत भागातले स्वयंसेवक होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाडची सिस्केप ही नावे सह्याद्रीत पोलिसांनाही पाठ आहेत. 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर'ने अशा संस्थांना एका हाकेच्या साखळीत बांधले. ती साखळी पुणे, रायगड, सातारा, नाशिक या पट्ट्यात घट्ट आहे. अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांकडे आणि खानदेशकडे येता येता ती विरळ होते. आमचे डोंगर कमी उंचीचे आहेत म्हणून इकडचे अपघात कमी जीवघेणे ठरत नाहीत.

एक दरी, चार कार्यालये

आमचा प्रश्न समजून घ्यायचा तर कन्नड घाट डोळ्यांपुढे आणावा लागेल. वरचा भाग कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. खालचा भाग चाळीसगावात, जळगाव जिल्ह्यात. महसूल विभागसुद्धा वेगळे, एकाचे मुख्यालय संभाजीनगरला तर दुसऱ्याचे नाशिकला. रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा. रस्त्याच्या कठड्यापलीकडे पाय टाकला की 1986 साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, म्हणजे वन्यजीव विभाग. गाडी कठडा तोडून खाली गेली की ती ज्या वळणावर सुटली ते वळण एकाच्या हद्दीत आणि जिथे अडकली तो झाडोरा दुसऱ्याच्या हद्दीत, असे सहज होऊ शकते. नोव्हेंबर 2023 मध्ये अक्कलकोटहून दर्शन घेऊन परतणाऱ्या मालेगावच्या भाविकांची गाडी याच घाटात दरीत गेली आणि चौघांचा जीव गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घाटातून जड वाहनांना बंदी केली, त्याने कोंडी कमी झाली. दरी मात्र होती तिथेच आहे.

हद्दीचा वाद घालायला आम्हाला वेळ नाही आणि रसही नाही. आम्हाला इतकेच हवे की या घाटासाठी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एकच कार्यपद्धती लिहावी: फोन कोणत्याही बाजूला लागो, 112 वर लागो की 1077 वर, दोन्ही बाजूंची पथके एकाच वेळी निघतील आणि घटनास्थळी कोणता अधिकारी प्रमुख असेल हे आधीच ठरलेले असेल. ही आमची पहिली मागणी. दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्यांचा एक कागद, एवढेच तिचे स्वरूप आहे.

दुसरी मागणी: लेखी पाचारण

सगळ्या मागण्यांत आम्ही हिला सर्वांत वरची मानतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आज आम्हाला बोलावणे कसे येते? पोलीस ठाण्यातून फोन येतो, पोलीस पाटील निरोप देतात, कधी तलाठी, कधी मृताचे नातेवाईक दारात येऊन उभे राहतात. आम्ही निघतो. काम संपते, पंचनामा होतो. त्या पंचनाम्यात प्रेत 'स्थानिक नागरिकांच्या मदतीने' बाहेर काढले असे एक वाक्य येते. ते स्थानिक नागरिक कोण, कोणी बोलावले, किती वाजता पाण्यात उतरले, किती वाजता निघाले, याचा शासनाच्या कोणत्याही दप्तरात मागमूस राहत नाही. नोंद नाही म्हणून इंधनाचा खर्च नाही. नोंद नाही म्हणून एखाद्याचा पाय मोडला तर तो कर्तव्यावर होता हे सिद्ध करता येत नाही. आणि नोंदच नाही, तेव्हा तालुक्यात वर्षाला अशी किती कामे होतात हे प्रशासनाला सांगता येत नाही. मग साधनांसाठी निधी मागायचा तो कोणत्या आकड्यावर?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 65 नुसार बचावकार्यासाठी वाहने व साधने अधिग्रहित करता येतात, पण लेखी आदेशाने. आणि कलम 66 नुसार त्याचा मोबदला द्यावा लागतो. त्याच कायद्याचे कलम 30 जिल्हा प्राधिकरणाला तळागाळातल्या स्वयंसेवी संस्थांना सहभागी करून घ्यायला सांगते. कायदा आहे, फक्त तो कागदावर उमटत नाही. पुराच्या रात्री ज्याचा ट्रॅक्टर आपण पाण्यात घालायला लावतो, त्याच्या हातात आदेशाची एक ओळ नसेल तर इंजिनात पाणी गेल्यावर तो कोणाकडे जाणार?

आम्ही कागदासाठी बचाव थांबवायला सांगत नाही. नियंत्रण कक्षाने हाक दिली की त्याच क्षणी मोबाइलवर घटना क्रमांक, ठिकाण, वेळ आणि पथकप्रमुखाचे नाव असलेला संदेश यावा. सविस्तर आदेश 24 तासांत निघाला तरी चालेल. मृताच्या नातेवाइकांनी थेट बोलावले असेल तर आम्ही नियंत्रण कक्षाला कळवू आणि क्रमांक घेऊ. विमा, खर्च, दाखला, आकडेवारी ही पुढची सगळी कामे या एका क्रमांकावर उभी राहतात.

साधनांबद्दल

बाजारात किलोवर मिळणारा पिवळा प्लॅस्टिकचा दोर आणि बचावाचा दोर यांत फरक काय, असे आम्हाला कार्यालयांतून विचारले गेले आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. पिवळा दोर घर्षणाने तापला की वितळू लागतो, उन्हात पडून कडक होतो, त्यावर गाठ नीट बसत नाही. बचावाला लागतो तो साधारण 11 मिलिमीटरचा, आत गाभा आणि वर विणलेले कवच असलेला, कमी ताणला जाणारा दोर. प्रत्येक कामानंतर तो हातभर हातभर बोटांतून सरकवत तपासावा लागतो. कुठे मऊ लागला, कवच उसवले किंवा आतला गाभा सरकल्यासारखा वाटला की तेवढा तुकडा कापून बाद करायचा. बॅटरीचे आम्ल लागलेला दोर वरून धड दिसतो आणि आतून मेलेला असतो, म्हणून तो जीपच्या मागच्या भागात इतर सामानाबरोबर फेकून चालत नाही. आणि न वापरताही ठरावीक वर्षांनी, बहुतेक उत्पादक दहा वर्षे ही कमाल मर्यादा सांगतात, तो निवृत्त करावाच लागतो. म्हणजे दोर ही एकदा घेऊन विसरायची वस्तू नव्हे.

घाटात तीनशे फूट खालून एका जखमीला स्ट्रेचरवर वर घ्यायचे तर दोन स्वतंत्र दोर लागतात, एक ओढण्याचा आणि एक सुरक्षेचा. त्यांसोबत पुल्या, कॅराबिनर, प्रत्येकाला हार्नेस आणि हेल्मेट, शिवाय ओढायला आठ-दहा माणसे. यांतले एक जरी कमी असले तरी काम अडते, किंवा अडत नाही आणि दुसरा अपघात होतो.

म्हणून तिसरी मागणी अशी: एकाच गोदामात सगळे ठेवण्याऐवजी चार ठिकाणी साधनसाठा असावा. घाटाच्या पायथ्याला बोढरे-रांजणगावच्या बाजूला दोर, स्ट्रेचर आणि दिवे. पाटणादेवीला वनविभागाच्या आवारात तसाच लहान संच. मेहुणबारे येथे गिरणेसाठी रबरी बोट, इंजिन, लाइफ जॅकेट आणि फेकायचे दोर. आणि चाळीसगाव शहरात तितूर-डोंगरीच्या पुरासाठी बोट व प्रकाशव्यवस्था. घाटात आणि पाटणादेवीच्या खोऱ्यात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून परवान्यासह वॉकीटॉकी संच. साठा शासनाच्या मालकीचा राहावा, जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद असावी, पण कुलपाची एक किल्ली पथकाकडे असावी. रात्री दोन वाजता किल्लीसाठी कोणाच्या तरी घराचे दार वाजवत बसावे लागले तर साठा असून नसल्यासारखा. खरेदीइतकीच रक्कम दरवर्षी देखभालीला लागेल असे नाही, पण ठरावीक वाटा बांधलेला हवा. वर्षभर न चालवलेले बोटीचे इंजिन पुराच्या दिवशी चालू होत नाही.

पाण्यात उतरणाऱ्यांविषयी

दोराची माणसे निदान छायाचित्रांत दिसतात. गिरणेत उतरणारे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी वेगळे लिहितो. हे बहुतेक भोई, कोळी, भिल्ल समाजातले, मासेमारी किंवा मजुरी करणारे. वाळू उपशाने नदीत जागोजाग खोल खड्डे झाले आहेत. वरून गुडघाभर दिसणारे पाणी दोन पावलांवर पुरुषभर असते. पोहायला गेलेली मुले त्यात बुडतात. शोधायला उतरतात ते हेच लोक, बहुतेकदा अंगावरच्या चड्डीनिशी, कमरेला दोर, हातात गळ, खाली काही दिसत नाही म्हणून पायांनी चाचपत. तिसऱ्या दिवशी वर आलेल्या प्रेताला हात लावायला जवळचे नातेवाईकही धजत नाहीत. ते प्रेत उचलून काठाला आणतो तो त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस असतो. हातमोजे नाहीत, शवपिशवी नाही, काम झाल्यावर अंग धुवायला साबण नाही.

चौथी मागणी त्यांच्यासाठी. प्रत्येक नोंदणीकृत पाणबुड्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, पुराच्या पाण्यात काम केल्यावर लेप्टोस्पायरोसिसवरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्रामीण रुग्णालयातून मोफत, हातमोजे, गमबूट, शवपिशव्या. आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला बुडालेल्या दिवसाची भरपाई, निदान किमान वेतनाइतकी. आम्हाला मानधन नको. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांच्याकडून फुकट धाडसाची अपेक्षा करणे मात्र अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोबत, गिरणा आणि मन्याड धरणांतून विसर्ग सोडण्यापूर्वीची सूचना गावांना जाते तशीच थेट पथकप्रमुखांनाही मिळावी. ऑगस्ट 2024 मध्ये मालेगावजवळ गिरणेच्या पात्रात अडकलेल्या लोकांना काढायला शेवटी हवाई दलाचे हेलिकॉप्टर आणावे लागले. त्याच नदीच्या खालच्या अंगाला आम्ही राहतो.

पाचवी मागणी: विमा आणि संरक्षण. हाक मिळाल्यापासून घरी परतेपर्यंत प्रत्येक स्वयंसेवकाला अपघात, उपचार व मृत्यूचे विमासंरक्षण असावे. इर्शाळवाडीचा डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. त्यांच्या जागी स्वयंसेवक असता तर त्याच्या घरच्यांनी कोणते दार ठोठावायचे होते? मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायदेशीर कारवाईपासून संरक्षण दिले आहे, परंतु ते वाहन अपघातापुरते. दरीत घसरलेला पर्यटक किंवा डोहात बुडालेला मुलगा त्यात बसत नाही. क्रमांक देऊन बोलावलेल्या प्रत्येक कामाला राज्याने तसेच संरक्षण द्यावे. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत 350 जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना 12 दिवसांचे प्रशिक्षण, साधनपेटी आणि विमा अशी रचना आहे. ती चांगली आहे. तिच्या निकषांत प्रत्यक्ष काम करणारी आमची वयाने मोठी किंवा शाळा सुटलेली माणसे गळू नयेत, एवढे पाहावे. गिरणेचा तळ ओळखणाऱ्याकडे गुणपत्रिका असेलच असे नाही.

पैसा कुठून

मागणी करणाऱ्याने हेही सांगायला हवे. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करताना 10 टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवला. तेच तत्त्व पुढे धरावे आणि या वाट्यातली ठरावीक रक्कम तालुका पातळीवरच्या स्वयंसेवी पथकांच्या नावे दाखवावी. जिल्हा वार्षिक योजनेतून साधनसाठ्याची पहिली खरेदी होऊ शकते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन आहे, म्हणून उद्योगांचा सामाजिक निधीही मिळू शकतो. पण तो पूरक असावा. दात्याच्या मर्जीवर दोराचे वय ठरू नये.

याशिवाय एक मार्ग आम्हाला विशेष योग्य वाटतो. पोलंडमध्ये डोंगराळ राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशशुल्कातला 15 टक्के वाटा पर्वतीय बचाव पथकांना जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शिकार-मासेमारीच्या परवान्यावर थोडा अधिभार घेऊन त्यातून स्वयंसेवी पथकांचा खर्च भागवतात. स्कॉटलंडची पथके आजही स्वयंसेवीच आहेत, तरी 2003 पासून तिथले सरकार त्यांना अनुदान देते. पाटणादेवीला नवरात्रात आणि पावसाळ्यात लोटणारी गर्दी, केदारकुंडाचा धबधबा, धवलतीर्थ, पितळखोऱ्याची लेणी, कन्हेरगड, भास्कराचार्यांच्या पाटणचा वारसा पाहायला येणारे अभ्यासक, हे सगळे आमचे पाहुणे आहेत. सहावी मागणी म्हणून आम्ही मागतो: या परिसरात घेतल्या जाणाऱ्या वाहन व प्रवेश शुल्काचा एक निश्चित हिस्सा त्याच परिसराच्या बचाव साधनांवर खर्च व्हावा. जो येतो, त्याच्या सुरक्षेत त्याचे दोन रुपये असावेत. आणि अभयारण्यात रात्री शोध घ्यायचा असेल तेव्हा वनरक्षकाची सोबत व प्रवेशाची परवानगी फोनवर तत्काळ मिळावी. 2017 च्या अखेरीस वरखेडे परिसरात बिबट्याने माणसांवर केलेले हल्ले आमच्यापैकी कोणी विसरलेला नाही. जंगलात रात्री एकटे शिरण्याचा हट्ट आम्ही धरत नाही.

आमच्याकडून

मागताना आम्हीही बांधील आहोत. पथकातला प्रत्येक जण दरवर्षी शारीरिक तपासणी करून घेईल आणि पावसाळ्याआधी घाटात व नदीत एकेक संयुक्त सराव होईल. त्याला महसूल, पोलीस, वन आणि 108 रुग्णवाहिकेचे कर्मचारी हजर राहावेत. साधनांचा हिशेब तहसीलदारांना दर तिमाहीला देऊ. मृताचे वा जखमीचे छायाचित्र आमच्याकडून बाहेर जाणार नाही. नशेत आलेल्याला, हुकूम न पाळणाऱ्याला पथकातून काढू. धुळ्याचे दल पोहोचले की सूत्रे त्यांच्याकडे देऊन त्यांच्या हाताखाली काम करू. एखादे काम आमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर तसे तोंडावर सांगू, मग समोर कोणीही असो.

महोदय, वरील मागण्यांवर निर्णय घेण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांचे अधिकारी, वनविभाग, महामार्ग प्राधिकरण आणि आमचे प्रतिनिधी यांची एकत्रित बैठक 31 मेच्या आत चाळीसगाव येथे बोलवावी, ही विनंती. साधनांची खरेदी आणि विमा यांना मंजुरीचे टप्पे आहेत, त्याला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. पहिल्या दोन मागण्यांना, म्हणजे घाटाच्या संयुक्त कार्यपद्धतीला आणि पाचारणाच्या घटना क्रमांकाला, एक रुपयाही लागत नाही. त्यांचे आदेश बैठकीच्या दिवशीच काढावेत.

आपले,
चाळीसगाव परिसरातील शोध व बचाव स्वयंसेवक